कोळसा, प्रतिजैविकें आणि सांडपाणी

सन १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्डच्या इस्पितळांत एका पोलीस शिपायास पेनिसिलीन टोंचण्यांत आलें. औषधाचा सांठा इतका तुटपुंजा होता, कीं रोग्याचें मूत्र गोळा करून त्यांतून तें पुन्हां काढून घ्यावें लागे. तरीहि तें पुरलें नाहीं; मार्चमध्यें तो बिचारा दगावला. शरीरांत गेलेलें हें औषध पुष्कळसें जसेंच्या तसें बाहेर पडतें, ही गोष्ट त्या वेळीं वरदानच वाटली. पुढें औषधें मुबलक झालीं आणि तेंच वरदान गटारांतून वाहूं लागलें.

पाण्यांत विरघळलेलें द्रव्य धरून काढण्याचा एक उपाय मात्र प्रतिजैविकांहून बराच जुना आहे. सन १७८५ त सेंट पीटर्सबर्ग येथें लोव्हित्स या रसायनज्ञास असें दिसून आलें, कीं कोळशाची पूड द्रावणांतील रंग ओढून घेते. द्रव्य पृष्ठभागास चिकटून राहतें, म्हणून या क्रियेस अधिशोषण म्हणतात. पृष्ठभाग जितका अधिक, तितकी पकड मोठी. एक ग्रॅम सक्रिय कोळशाचा अंतर्बाह्य पृष्ठभाग सुमारें १००० चौरस मीटर भरूं शकतो. सन १९४४ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसीन मिळवितांना हीच युक्ति कामास आली: औषध कोळशावर धरावयाचें व आम्लानें सोडवून घ्यावयाचें. दैवाचा खेळ असा, कीं आतां तोच कोळसा औषध पाण्यांतून घालवून देण्यासाठीं वापरावा लागत आहे.

त्याची निकड सन २००७ त जगापुढें आली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें सुमारें ९० औषध-कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यांत स्वीडिश संशोधकांना दर लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळलें. उपचार घेणाऱ्या रोग्याच्या रक्तांतहि तें इतकें चढत नाहीं! अपुऱ्या मात्रेनें जंतु निर्ढावतात, हा इशारा फ्लेमिंगनें १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता; असें पाणी पुढें नदींत मिसळून पातळ होतें, तेव्हां नेमकी तशीच मात्रा जंतूंना मिळते.

सन २००६ त अमेरिकेंतील राइस विद्यापीठांत १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट कण पाण्यांतील आर्सेनिक धरतात व सौम्य चुंबकीय क्षेत्रानें बाहेर ओढतां येतात, असें दाखविण्यांत आलें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश. त्याच धर्तीवर टेट्रासायक्लीन व सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांवरहि प्रयोग झाले. प्रयोगशाळेच्या स्वच्छ पाण्यांत कण चोख काम करितात. खऱ्या सांडपाण्यांत इतर सेंद्रिय द्रव्यें त्यांच्यावरची जागा बळकावतात. शिवाय अधिशोषणानें औषध नष्ट होत नाहीं, केवळ जागा बदलतें. भरलेली पूड जाळावी तरी लागते किंवा धुवावी तरी. आणि धुतलें, कीं त्या धुवणाच्या पाण्यांत औषध पुन्हां आहेच.