पाच शिलिंग दंड आणि एक झाड

ख्रिसमसच्या विचित्र प्रथा शोधायला बसलं की ढिगानं सापडतात. जपानमध्ये त्या दिवशी केएफसीचं चिकन खातात. स्वीडनच्या येव्हले गावात पेंढ्याचा अवाढव्य बोकड उभारतात, आणि तो पेटवून द्यायला कुणी ना कुणी टपलेलं असतंच. वाचायचं, हसायचं, विसरायचं. बॉस्टनची गोष्ट मात्र काही केल्या डोक्यातून जाईना.

या बॉस्टनमध्ये एकेकाळी ख्रिसमस साजरा करणं हा चक्क गुन्हा होता! १६५९ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं कायदा केला: ख्रिसमस म्हणून काम बंद ठेवलं किंवा मेजवानी केली, तर पाच शिलिंग दंड. बरं, कायदा करणारे कुणी नास्तिक नव्हते. ते होते प्युरिटन, म्हणजे अगदी कडवे ख्रिश्चन. त्यांचं म्हणणं साधं होतं. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही, मग २५ डिसेंबर आणला कुठून? शिवाय त्या दिवशी लोक दारू पिऊन धिंगाणा घालतात, तो वेगळाच. पुढे लंडनच्या दबावामुळे १६८१ मध्ये कायदा रद्द झाला, पण नावड टिकली. मॅसॅच्युसेट्समध्ये ख्रिसमसची अधिकृत सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडलं.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. ६ डिसेंबर १९१७, कॅनडातलं हॅलिफॅक्स बंदर. पहिलं महायुद्ध चालू होतं. 'माँ-ब्लाँ' हे दारूगोळ्यानं ठासून भरलेलं फ्रेंच जहाज 'इमो' या नॉर्वेच्या जहाजाला धडकलं आणि पेटलं. आग बघायला लोक घराघरांच्या खिडक्यांत उभे राहिले. नऊ वाजून चार मिनिटांनी जहाज फुटलं. सुमारे दोन हजार माणसं गेली, नऊ हजारांच्या आसपास जखमी झाली. खिडक्यांच्या काचा फुटून कितीतरी जणांचे डोळे गेले.

व्हिन्सेंट कोलमन हा रेल्वेचा तार पाठवणारा माणूस. जहाजात काय भरलंय हे कळल्यावर तो पळू शकला असता. पण गाडी येणार होती, म्हणून तो थांबला आणि गाड्या रोखा असा संदेश त्यानं पाठवला. स्फोटात तो गेला.

बातमी बॉस्टनला पोचली आणि त्याच रात्री डॉक्टर, नर्स आणि औषधं घेऊन तिथून खास रेल्वे निघाली. वाटेत हिमवादळानं गाठलं. गाडी ८ तारखेला पोचली, आणि त्यानंतरही मदत येत राहिली.

हॅलिफॅक्सनं आभार कसे मानावेत? १९१८ मध्ये त्यांनी बॉस्टनला ख्रिसमस ट्री पाठवलं. ज्या गावात ख्रिसमसला दंड होता, त्याच गावाला!

पण खरी गंमत पुढेच आहे. ही प्रथा तेव्हापासून अखंड चालू आहे असं आपल्याला वाटेल, पण तसं नाही. त्या एका झाडानंतर पन्नासेक वर्षं काहीच नाही. १९७१ साली नोव्हा स्कोशियातल्या झाडं पिकवणाऱ्यांनी ती पुन्हा सुरू केली. स्फोटाची आठवण होतीच, पण आपल्या झाडांची जाहिरात हाही हेतू होता. पुढे प्रांताच्या सरकारनं ती जबाबदारी घेतली. आजही दरवर्षी तिथून चांगलं चार-पाच मजली उंच झाड निघतं आणि बॉस्टन कॉमनवर उभं राहतं.

जाहिरात होती हे कळल्यावर आधी मी थोडा खट्टू झालो. मग वाटलं, त्यानं काय बिघडतं? "पूर्वापार चालत आलंय" असं आपण सहज म्हणतो, पण आपोआप काहीच चालत येत नाही. मध्ये कुणीतरी विसरतं, मग कुणीतरी आठवण काढतं, बहुतेक वेळा स्वतःच्याही फायद्यासाठी. प्युरिटनांनी तारखेचा पुरावा मागितला होता. या झाडाची तारीख मात्र पक्की आहे: ६ डिसेंबर १९१७.