कामाची चौकशी करणारे वैद्यक : ब्रिटनमधील व्यावसायिक आरोग्याचे विशेष शिक्षण

सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी गिरणीत गेले की छाती आवळते, श्वास अपुरा पडतो. आठवड्याच्या मध्यापर्यंत त्रास ओसरतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू होतो. कापसाच्या धुळीने जडणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची ही सुरुवातीची खूण. लँकेशायरच्या गिरण्यांत ती आढळली, तशीच मुंबईच्या गिरणगावातही. १९५० च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरमधील कामगारांच्या पाहणीतून या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. क्ष-किरण चित्रात या रोगाची खास अशी काही खूण दिसत नाही. त्यामुळे पायरी ठरवण्याचा मुख्य आधार एक साधी विचारणा हाच होता : छाती फक्त सोमवारी आवळते, की इतर दिवशीही?

व्यावसायिक आरोग्य या वैद्यकशाखेचे स्वरूप या उदाहरणात बरेचसे येऊन जाते. इटलीतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा धंदा कोणता, हे वैद्याने विचारलेच पाहिजे असा आग्रह धरला. तीनशे वर्षांनंतरही सर्वसाधारण दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा राहून जातो. विचारला गेला तरी ‘नोकरी’ किंवा ‘धंदा’ एवढ्या उत्तरावर केसपेपर पुढे सरकतो.

प्रश्न सोपा आहे, मग त्यासाठी चार वर्षांचे शिक्षण कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मोटारींच्या रंगकामाचे उदाहरण घ्यावे. गाड्या रंगवण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या काही रंगांत आयसोसायनेट ही रसायने असतात आणि त्यांच्यामुळे दमा जडू शकतो. खोकला व धाप बहुधा काम संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री सुरू होते. त्यामुळे कामगार दोष देतो तो घरातल्या धुळीला किंवा हवामानाला, आणि डॉक्टर इनहेलर लिहून देतो. सुटीत किंवा गावी गेल्यावर बरे वाटते का, हे विचारल्याशिवाय दुवा जुळत नाही. जुळला तरी तो सिद्ध करावा लागतो. रुग्णाला दिवसातून किमान चार वेळा, काही आठवडे, कामाच्या आणि सुटीच्या दिवशी सारखेच, पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून आकडे टिपावे लागतात. ते आकडे वाचता येणे हे कौशल्य आहे. त्याहून अवघड आहे तो पुढचा निर्णय. संपर्क लवकर तुटला तर दमा आटोक्यात येण्याची किंवा जाण्याची शक्यता अधिक असते. उशीर झाला तर काम सोडूनही दमा मागे राहतो. म्हणजे ‘थोडे दिवस पाहू’ हा एरवी समंजस वाटणारा सल्ला येथे महागात पडतो, आणि ‘काम सोडा’ हा सल्ला एखाद्या घराची मिळकत थांबवतो.

नव्या उद्योगांत जुने रोग परत येतात, हाही या शाखेचा नेहमीचा अनुभव. स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात सिलिकाचे प्रमाण फार जास्त असते. तो कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस होत असल्याचे अनेक देशांत दिसून आले आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. ब्रिटनमध्येही असे रुग्ण आढळले आहेत. खाणकामगाराचा म्हणून पाठ्यपुस्तकात शिकलेला रोग ओटे बसवणाऱ्याच्या छातीत ओळखायचा, तर डॉक्टरला कारखान्यातील कामाची पद्धत ठाऊक असावी लागते.

ब्रिटनमध्ये ही शाखा थोडी आडबाजूला वाढली. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली तेव्हा व्यावसायिक आरोग्याचा तिच्यात समावेश झाला नाही. आजही एनएचएस ही सेवा प्रामुख्याने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना देते. इतरांसाठी ती मालकाने विकत घ्यायची असते, आणि अनेक लहान उद्योगांत ती नसतेच. या रचनेतून शाखेची मुख्य अडचण उद्भवते : डॉक्टरचे पैसे मालक देतो आणि तपासणी कामगाराची होते. खोलीत दोघेच बसलेले असले तरी तिसरा पक्ष अदृश्यपणे हजर असतो.

या अडचणीचा एक जुना आणि ठळक प्रसंग सर थॉमस लेग यांचा. १८९८ साली ते ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक झाले आणि शिशाच्या विषबाधेवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. इमारतींच्या आतील रंगकामात पांढऱ्या शिशाचा वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली झाला. ब्रिटिश सरकारने त्याला मान्यता दिली नाही, तेव्हा १९२६ साली लेग यांनी पदाचा राजीनामा दिला. ते सरकारी नोकर होते, एखाद्या कंपनीचे पगारी डॉक्टर नव्हते. तरीही ज्याच्या हाताखाली काम करायचे त्याच्या भूमिकेपासून आपले वैद्यकीय मत वेगळे ठेवणे त्यांना आवश्यक वाटले. आजच्या प्रशिक्षणार्थीकडून राजीनाम्याची अपेक्षा नसते. मत वेगळे ठेवण्याची मात्र असते, आणि अभ्यासक्रमात नीतिशास्त्र व कायदा यांना एवढी जागा मिळते ती याच कारणाने.

डॉक्टरांसाठी मुख्य मार्ग असा. १९७८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये फॅकल्टी ऑफ ऑक्युपेशनल मेडिसिन स्थापन झाली. या शाखेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा तिच्याकडे आहेत. पायाभूत प्रशिक्षण आणि त्यानंतर अंतर्गत वैद्यक, जनरल प्रॅक्टिस यांसारख्या एखाद्या शाखेतील काही वर्षांचा अनुभव झाल्यावर विशेष प्रशिक्षणात प्रवेश मिळतो. ते साधारण चार वर्षांचे असते आणि एनएचएस रुग्णालये, सैन्यदले, खासगी उद्योग अशा वेगवेगळ्या ठिकाणी चालते. या काळात सदस्यत्वाच्या दोन टप्प्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. विषशास्त्र, रोगप्रसारशास्त्र, कामाच्या जागेतील हवा व आवाज यांचे मापन, अपंगत्व आणि समानतेचे कायदे, कामावर परत येण्याचे नियोजन असा हा विषयांचा पसारा आहे. जनरल मेडिकल कौन्सिलच्या तज्ज्ञ नोंदवहीत नाव आल्यावरच डॉक्टर या शाखेचा सल्लागार म्हणून काम करू शकतो.

दुसरा मार्ग लहान आहे आणि परदेशी डॉक्टरांची गल्लत बहुधा येथेच होते. फॅकल्टीचा व्यावसायिक वैद्यकातील डिप्लोमा हा प्रामुख्याने जनरल प्रॅक्टिस करताना आठवड्यातून काही तास या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परीक्षा पूर्ण केल्यावर तो मिळतो. तो उपयुक्त आहे, नोकरीच्या जाहिरातींत मागितला जातो. पण त्याने कोणी तज्ज्ञ होत नाही. एजंटांच्या जाहिरातींत या दोहोंमधली रेघ पुसट केलेली दिसते.

महाराष्ट्रातून आलेल्या डॉक्टरांपैकी काहींनी तळोजा, चिंचवड किंवा पाताळगंगा अशा औद्योगिक पट्ट्यांत कंपनी डॉक्टर म्हणून काम केलेले असते. भारतात धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतील वैद्यकीय अधिकाऱ्याकडून ‘असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ’, म्हणजेच एएफआयएच, ही पात्रता अपेक्षित असते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तिचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. अभ्यासक्रम आटोपशीर आणि व्यवहारी आहे. त्याच्या जोरावर ब्रिटनच्या तज्ज्ञ नोंदवहीत प्रवेश मात्र मिळत नाही. आधी प्लॅबसारख्या मार्गाने मूळ वैद्यकीय नोंदणी, मग एकतर प्रशिक्षणाची जागा किंवा पोर्टफोलिओ मार्ग, असाच क्रम आहे. पोर्टफोलिओ मार्गात आपले ज्ञान, कौशल्य व अनुभव ब्रिटनमधील तज्ज्ञाच्या तोडीचे असल्याचे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. कारखान्यात वीस वर्षे काढलेल्या माणसालाही येथे अडचण येते ती बहुधा कागदांची : तपासलेल्या प्रकरणांच्या नोंदी, लेखापरीक्षणे, सहकाऱ्यांचे अभिप्राय. देश सोडण्यापूर्वीच हे जमवून ठेवणे शहाणपणाचे, कारण बंद पडलेल्या कंपनीकडून प्रमाणपत्र मिळवणे दुरापास्त असते.

कायद्यातील एक फरकही ध्यानात ठेवावा लागतो. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने परिशिष्टातील व्यवसायजन्य रोग आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवण्याचे कर्तव्य उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही टाकले, आणि २०२० च्या संहितेत ते कायम राहिले. ब्रिटनमध्ये २०१३ च्या नियमांनुसार ठरावीक रोगांची माहिती सरकारला देण्याची जबाबदारी मालकाची आहे. डॉक्टरच्या लेखी निदानानंतर ती सुरू होते. म्हणजे निदान स्पष्ट शब्दांत लिहिले गेले नाही, तर पुढची साखळी हलत नाही. सौजन्यापोटी लिहिलेले गुळमुळीत पत्र येथे कामगाराचे नुकसान करते.

परिचारिकांचा इतिहास डॉक्टरांच्या मागून चालत आलेला नाही. नॉरिच येथील कोलमन यांच्या मोहरीच्या कारखान्यात १८७८ साली फिलिपा फ्लॉवरडे यांची नेमणूक झाली. ब्रिटनमधील पहिल्या औद्योगिक परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कारखान्यातील डॉक्टरला मदत करायची आणि आजारी कामगारांना घरी जाऊन पाहायचे, असे त्यांचे काम होते. आज अनेक ब्रिटिश कंपन्यांत रोजचे व्यावसायिक आरोग्य परिचारिकाच चालवते आणि डॉक्टर ठरावीक दिवशी किंवा गरजेपुरता येतो. त्यामुळे या शिक्षणाचा विचार केवळ डॉक्टरांपुरता करणे चुकीचे ठरेल.

नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदवहीचा तिसरा भाग २००४ साली सुरू झाला. तो सामुदायिक सार्वजनिक आरोग्यातील विशेष परिचारिकांसाठी आहे. घरोघर जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर, शालेय परिचारिका आणि व्यावसायिक आरोग्य परिचारिका त्यात येतात. पहिल्या भागात नोंदणी झालेल्या परिचारिकेला विद्यापीठातील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करावा लागतो. पूर्णवेळ केला तर तो सुमारे एक वर्षाचा, आणि त्यातील मोठा वाटा प्रत्यक्ष कामाचा असतो. २०२२ साली कौन्सिलने या क्षेत्रासाठी नवे प्रावीण्य-निकष प्रसिद्ध केले. कायद्याने ही नोंदणी सक्तीची नाही; केवळ पहिल्या भागातील नोंदणीवर काम करणाऱ्या परिचारिका पुष्कळ आहेत. वरिष्ठ पदासाठी मात्र तिची विचारणा होते. अडचण आहे ती खर्चाची. मालकाने फी आणि वेळ दिला नाही तर हा अभ्यासक्रम स्वतःच्या बळावर करणे अवघड, आणि प्रशिक्षित परिचारिका दुसरीकडे जाईल या भीतीने मालक हात आखडतात. परदेशातून येणाऱ्या परिचारिकेला त्याआधी संगणकावरील चाचणी, प्रात्यक्षिक परीक्षा आणि भाषेची अट पार करून पहिल्या भागातील नोंदणी मिळवावी लागते.

परिचारिका आणि डॉक्टर यांच्या कामाची वाटणी नेमकी कशी होते, हे कंपनांमुळे होणाऱ्या हाताच्या विकारात चांगले दिसते. ग्राइंडर किंवा काँक्रीट फोडण्याची यंत्रे वर्षानुवर्षे धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात; पुढे शर्टाचे बटण लावणेही कठीण होते. यासाठीची आरोग्य देखरेख पाच पायऱ्यांची आहे. काम सुरू करताना प्रश्नावली ही पहिली आणि दरवर्षीची छोटी प्रश्नावली ही दुसरी. लक्षणे आढळली तर तिसऱ्या पायरीवर परिचारिका बोटांची तपासणी करून सविस्तर माहिती घेते. निदान चौथ्या पायरीवर, आणि ते डॉक्टरच करतो. पाचवी पायरी गरजेनुसार विशेष चाचण्यांची. तिसऱ्या व चौथ्या पायरीवरील दोघांनीही या विकाराचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेले असावे, अशी अपेक्षा आहे. तज्ज्ञाची मोठी पदवी असली तरी ती चुकत नाही. या व्यवस्थेचे यश बरेचसे दुसऱ्या पायरीवर अवलंबून असते. ‘बोटे पांढरी पडतात’ असे लिहिले तर यंत्र हातातून काढून घेतले जाईल, या धास्तीने कामगार ‘नाही’वर खूण करतो. ती धास्ती ओळखणे, आणि माहितीचा वापर कसा होईल हे आधीच खरेपणाने सांगणे, हे परिचारिकेच्या शिक्षणाचा भाग आहे.

गोपनीयतेचे नियम येथे कसाला लागतात. कामगाराच्या आजाराचा तपशील मालकाला मिळत नाही. मिळते ते कामासंबंधीचे मत. हा माणूस उंचीवर काम करू शकतो का, रात्रपाळी टाळावी का, किती आठवड्यांनी परत येऊ शकेल, एवढेच. जनरल मेडिकल कौन्सिलच्या मार्गदर्शनानुसार डॉक्टरने अहवाल धाडण्यापूर्वी तो कामगाराला दाखवण्याची तयारी ठेवावी लागते. वाचल्यावर त्यातील वस्तुस्थितीची चूक कामगार दाखवू शकतो. डॉक्टरचे मत मात्र त्याच्या सांगण्यावरून बदलत नाही. आणि त्याने संमती मागे घेतली, तर अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास अहवाल जात नाही. मग मालकाला हाती असलेल्या माहितीवरच निर्णय घ्यावा लागतो, आणि तो कामगाराच्या सोयीचा असेलच असे नाही. संमती नाकारण्यापूर्वी ही बाजूही त्याला समजावून सांगणे, तेही मन वळवण्याचा आव न आणता, हे काम अखेर त्या खोलीत बसलेल्या डॉक्टरला किंवा परिचारिकेलाच करावे लागते.