आजाचा तीरकामठा, नातीचा नेम

सातपुड्याच्या पायथ्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. मागच्या खेपेला आपण अंतर्गत कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आजचा विषय तीरकामठ्याचा आहे. बचत गटाला तीरकामठ्याचं काय, असं वाटेल. पण हा विषय आमच्या बैठकीतूनच निघाला.

दोन वर्षांपूर्वी गटातल्या एका बाईने तातडीने कर्ज मागितलं. कारण विचारलं तर ती खाली बघत बसली. शेवटी शेजारणीने सांगितलं. तिचा नवरा बारा वर्षांच्या पोराला घेऊन जंगलात गेला होता, ससा मारला आणि पकडला गेला. आता कोर्टाच्या तारखा सुरू होत्या. प्रत्येक तारखेला मजुरी बुडायची, एसटीचं भाडं लागायचं, वकिलाचे पैसे वेगळे. आम्ही कर्ज मंजूर केलं. सही करताना ती म्हणाली, “ससा गेला चुलीत. पण माझा पोरगा बापाशी बोलायचा तो फक्त जंगलात. आता बाप ओट्यावर गप्प, अन् पोरगा आत मोबाइलमध्ये.”

त्या दिवशी हप्त्यांचं बोलणं मागेच राहिलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आपल्या तीरकामठ्याची गोष्ट गोळा करायची, असं ठरलं. थोडं पुस्तकातून वाचलं, थोडं त्यांच्या तोंडून ऐकलं. तेच आज सांगतो.

भिल्लांचा कामठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट कामटीची. आमच्या आज्या सांगतात, पोरगं चालायला लागलं की आजा त्याला वीतभर कामठा करून द्यायचा. तीर बोथट टोकाचा. आधी वाळलेल्या शेणीवर नेम, मग झाडावरच्या फळावर. बापामागे जंगलात जायची पाळी फार उशिरा यायची. तोवर पोराला वारा कुठून येतो ते कळायचं, पायाखालचं पान वाजू न देता चालता यायचं, आणि तासभर गप्प बसता यायचं. मोठ्या शिकारीला बाया आणि पोरं हाका करायला जायची. मांसाचा वाटा घरोघर पोचायचा. ज्या घरात कर्ता पुरुष नाही, त्या घरालाही वाटा असायचा.

आमच्या गटात शेतकरी घरातल्याही बाया आहेत. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे कामठा नव्हता, पण गोफण होती की!” ज्वारी हुरड्यात आली की आई लेकीला घेऊन माळ्यावर चढायची. गोफण फिरवायची, पाखरं उडवायची, आणि मधल्या वेळात गोष्टी सांगायची. म्हणजे पोरांना सोबत घेऊन उघड्यावर काही तरी शिकवायचं, ही रीत सगळ्यांचीच होती.

आता इतिहासाकडे येऊ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हातात गेला. डोंगरातल्या भिल्लांनी त्यांना सुखाने राहू दिलं नाही. आधी इंग्रजांनी फौजा पाठवल्या. मग १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करायचं ठरलं आणि ते काम जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला दिलं. धरणगावला पलटणीचं ठाणं झालं. औट्रमने आधी डोंगरात चढाया केल्या, पण माणसं त्याच्याजवळ आली ती शिकारीमुळे. तो भिल्लांबरोबर वाघाच्या मागे जायचा, त्यांच्यात उठायचा-बसायचा. शिकारीला सोबत गेलेली माणसं एकमेकांची होतात, हे त्या साहेबाने ओळखलं आणि आपल्या राज्यासाठी वापरलं. कामठा धरणाऱ्या हातात सरकारी बंदूक आली.

पुढे १८७८ साल आलं. त्या एकाच वर्षात दोन कायदे झाले. वन कायद्याने जंगलं राखीव करायचा रस्ता पक्का केला. शस्त्र कायद्यात शस्त्र म्हणजे काय ते सांगताना बंदूक-तलवारीच्या जोडीला तीरकामठ्याचंही नाव घातलं. लाकूड, चराई, शिकार, सगळ्याला नियम लागले. साहेब लोकांची आणि संस्थानिकांची मोठमोठी शिकार मात्र थाटात चालू राहिली. आजाने ससा मारला तर चोरी आणि साहेबाने वाघ मारला तर मर्दुमकी, असा तो काळ होता.

वाघ आणि जंगलं झपाट्याने कमी झाली. त्यात दोष कुणाचा जास्त, यावर आमच्या बैठकीत भांडणही झालं. पण कमी झाली हे खरं. मग १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करायची वाटही बंद केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्याला पुष्कळ हक्क दिले. कसत असलेली जमीन, मोह, तेंदू, डिंक असं गौण वनउपज, हे सगळं त्यात आहे. पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळला आहे. बहिणींनो, हे घरी सांगा. “आपला वनहक्काचा दावा मंजूर आहे, मग शिकार चालते,” असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. ससा असो, रानडुक्कर असो, तुरुंगात जायची पाळी येऊ शकते.

आता गंमत ऐका. १९७२ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, म्युनिक शहरात ऑलिंपिक झालं. बावन्न वर्षं ऑलिंपिकमधून बाहेर असलेला तिरंदाजीचा खेळ तिथे परत आला. पुरुषांचा आणि बायांचाही. बायांचं सुवर्णपदक कुणाला मिळालं? अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डोरीन विल्बर या बेचाळीस वर्षांच्या गृहिणीला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. जंगलात तीर सोडायला बंदी आली, त्याच वेळी मैदानात तीर सोडायचं दार उघडलं. आपल्या गावापर्यंत बंदी पोचली, पण दार उघडल्याची बातमी कुणी आणली नाही.

ज्यांच्यापर्यंत ती पोचली त्यांनी काय केलं पाहा. राजस्थानात उदयपूरकडचा लिंबाराम आदिवासी घरातला. लहानपणी बांबूच्या कामठ्याने चिमण्या-तितर मारणारा पोरगा. १९८७ मध्ये त्याची सरकारी प्रशिक्षणासाठी निवड झाली आणि पुढच्याच वर्षी तो सोलच्या ऑलिंपिकला गेला. झारखंडची दीपिका कुमारी रांचीजवळच्या गावातली. वडील रिक्षा चालवायचे. ती दगड मारून आंबे पाडायची आणि घरी केलेल्या बांबूच्या कामठ्यावर शिकायची. २०१२ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकाची तिरंदाज झाली. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातली शेरेवाडीची अदिती स्वामी! वडील शिक्षक. त्यांनी लेकीला खेळता यावं म्हणून गावातून साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं आणि धनुष्यासाठी कर्ज काढलं. उसाच्या रानात केलेल्या मैदानावर ती शिकली. २०२३ मध्ये, सतराव्या वर्षी, ती बर्लिनमध्ये जगज्जेती झाली.

या तिघांत जंगल, गाव, भाषा वेगळी. पण तिघांचाही नेम लहानपणीच धरला गेला, घराच्या अंगणात नाहीतर रानात. आणि त्यातल्या दोघी लेकी आहेत. आमच्या घरात मात्र आजाने कामठा दिला तो नातवाला. नातीच्या हातात घागर दिली.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. गटातल्या एका आजाला विनंती केली. त्याने आठ लहान कामठे करून दिले. गावाबाहेर पडीक जागेत मातीच्या बांधाला टेकून पेंढ्याचे भारे उभे केले, त्यांवर गोणपाट बांधलं. रविवारी सकाळी आई-बाप पोरांना घेऊन येतात. जितके पोरगे तितक्या पोरी, हा नियम. प्राण्यावर, पाखरावर नेम धरायचा नाही. माणसाकडे तीर कधीच वळवायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. सगळ्यांचे तीर संपल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. मोठं माणूस नसेल तर कामठा खुंटीवरच. नंतर ओढ्याकाठाने एक फेरी होते. ठसे कुणाचे, घरटं कुणाचं, ही भाजी खायची की नाही, हे म्हातारी माणसं सांगतात.

महागड्या धनुष्याचं स्वप्न लगेच बघू नका. कंपाउंड धनुष्य लाखांत जातं. पण आपल्या देशात साध्या देशी धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. शालेय स्पर्धांत धनुर्विद्या असते. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे एकलव्याची गोष्ट सांगतात. गुरुदक्षिणेत अंगठा गेला, म्हणून भिल्ल अंगठा न लावता तीर सोडतो, असं म्हणतात. ऑलिंपिकमधले तिरंदाजसुद्धा अंगठ्याशिवाय, तीन बोटांनी दोरी ओढतात. आम्ही हे पोरींना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, “मग त्याने घरी पोरांना शिकवलं असेल ना?” आम्हाला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न आवडला.

ज्या बाईने कर्ज घेतलं होतं, तिचे हप्ते फिटत आलेत. केस अजून चालू आहे. रविवारी तिचा नवरा येतो. पहिले दोन रविवार तो लांब झाडाखाली बसून होता. तिसऱ्या रविवारी त्याच्या धाकट्या लेकीचा तीर भाऱ्यापर्यंत पोचेना, तेव्हा तो उठला. तिच्यामागे उकिडवा बसला, तिचं कोपर वर धरलं आणि म्हणाला, “घाई नको. श्वास सोड, मग दोरी सोड.” पोरगा बाजूला उभा राहून ऐकत होता.

तुमच्या गावात आजाचा कामठा आढ्याला टांगलेला असेल, माळ्यावरची गोफण अडगळीत असेल. पुढच्या बैठकीत तो विषय काढा आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. जोहार.