घर न्यू जर्सीत, पगार न्यूयॉर्कचा

पुण्याची नोकरी सोडून कुणी बंगळूरला गेला, तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रावरचा पत्ता बदलतो. कराचा आकडा बदलत नाही. आपल्याकडे पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा. राज्याच्या हाती राहतो तो व्यवसाय कर, आणि त्यालाही राज्यघटनेच्या कलम २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची वेसण घातलेली आहे. महाराष्ट्रात पगारपत्रकात एरवी २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते हेच. एवढ्याशा रकमेसाठी दोन राज्यं कोर्टात जात नाहीत. म्हणूनच न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेऊन न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनला नोकरीला जाणाऱ्या मराठी माणसाला, एकाच पगारासाठी दोन राज्यांकडे विवरणपत्रं भरायची हा प्रकार सुरुवातीला अन्यायच वाटतो. तो अन्याय नाही. पण का नाही, हे समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि या विषयाची खरी गोडी तिथेच आहे.

अमेरिकेत बहुतेक राज्यांचा स्वतःचा प्राप्तिकर आहे. रहिवाशाची कमाई जगात कुठेही झालेली असो, तिच्यावर घरचं राज्य हक्क सांगतं. आणि काम जिथे झालं ते राज्य, माणूस परका असला तरी, तिथल्या कमाईवर हक्क सांगतं. दुसरा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्ये ‘शाफर विरुद्ध कार्टर’ या खटल्यात मान्य केला. त्याच वर्षी ‘ट्रॅव्हिस विरुद्ध येल अँड टाउन’ मध्ये न्यूयॉर्कला बजावलं, की परराज्यातल्या नोकरदारांवर कर लावा, पण स्वतःच्या रहिवाशांना दिलेली सूट त्यांना नाकारू नका. पुढचे बहुतेक वाद या दोन निकालांच्या मधल्या जागेत उभे राहिले.

प्रत्यक्ष हिशेब कसा चालतो ते पाहू. नवरा मॅनहॅटनमध्ये आणि बायको एडिसनमध्येच नोकरी करते, दोघांना एकेक लाख डॉलर मिळतात आणि विवरणपत्र एकत्र भरतात, असं धरा. बायकोच्या पगारावर न्यूयॉर्कचा काडीचाही हक्क नाही. तरीही न्यूयॉर्क आधी दोन्ही लाखांवर, जणू हे जोडपं आपलेच रहिवासी आहे अशा थाटात, कर काढतं आणि मग त्यातला निम्मा मागतं. म्हणजे जी कमाई करपात्र नाही तीही दर ठरवायला उपयोगी पडते. त्यानंतर न्यू जर्सी आपला कर मोजते आणि न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट देते. मात्र त्याच कमाईवर तिचा स्वतःचा जेवढा कर झाला असता तेवढीच. वरचा फरक परत मिळत नाही.

क्रम लक्षात घ्या: कामाच्या राज्याचं पान आधी वाढलं जातं, घरच्या राज्याला उरलेलं मिळतं. माझ्या मते करकायद्याच्या या शाखेकडे पाहण्याची खरी किल्ली इथे आहे. दुहेरी कराची भीती नोकरदाराला वाटते, पण बहुतेक वेळा खड्डा पडतो तो घरच्या राज्याच्या तिजोरीत. शाळा, रस्ते, पोलीस पुरवायचे त्याने आणि कर न्यायचा शेजाऱ्याने. काही राज्यांनी परस्परांशी करार करून हे मिटवलं. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा करार १९७७ चा. पलीकडे काम करणारा फक्त घरच्या राज्याला पगारावरचा कर देतो. २०१६ मध्ये गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी तो मोडायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माघार घेतली. न्यूयॉर्कशी मात्र असा करार नाही, आणि न्यूयॉर्कला तो करण्याची गरज तरी काय?

घरून काम सुरू झालं तिथे जुनी घडी विस्कटते. कर्मचाऱ्याने घरी बसून काम केलं ते स्वतःच्या सोयीसाठी असेल, तर न्यूयॉर्क तो दिवस आपल्याकडचाच धरतं. न्यू हेवनला राहून न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी महाविद्यालयात शिकवणारे करकायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की याविरुद्ध लढले आणि २००३ मध्ये हरले. त्यांचं कनेटिकट राज्य घरी केलेल्या कामाच्या दिवसांवर वजावट देईना, म्हणून त्या दिवसांचा कर त्यांना खरोखरच दोनदा पडला. (करकायदा शिकवणाऱ्यावरच ही पाळी यावी!) महासाथीत मॅसॅच्युसेट्सने तात्पुरता तसाच नियम केला. शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये पगारावर करच नाही, त्यामुळे वजावटीचा प्रश्नच नव्हता. त्या राज्याने या नियमाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. जून २०२१ मध्ये न्यायालयाने तो दावा दाखलच करून घेतला नाही. मग २०२३ मध्ये न्यू जर्सीने, असा नियम लावणाऱ्या राज्यांच्या रहिवाशांपुरता, तसाच नियम उलट लावला. जशास तसे हे धोरण म्हणून मला फारसं पटत नाही, पण त्यामागची चीड समजते.

या शाखेत येणाऱ्याने आधी कायद्याचा पदवीधर असायला हवं, असं नाही. मालकाकडून जानेवारीत येणारा डब्ल्यू-२ चा कागद समोर घ्यावा आणि १५, १६, १७ या चौकटी पाहाव्यात: राज्य, त्या राज्याच्या नावे दाखवलेला पगार, त्यातून कापलेला कर. घरून काम केलेले दिवस त्यात कुणाच्या नावावर पडलेत, हा प्रश्न मालकाच्या हिशेबखात्याला विचारण्याआधी पुढची प्रकरणं वाचावीत.