एका खोलीतील मुंबई

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानाला जैन परंपरेत मोठे स्थान आहे. धन किती मिळाले याहून ते कोणाच्या उपयोगी पडले, हा प्रश्न त्यामागे आहे. हाच प्रश्न मुंबईच्या गिरणीयुगाला विचारून पाहण्याजोगा आहे.

१८५३ साली मुंबईत रेल्वे धावली. १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) येथील कापसाला सोन्याचे मोल आले. या भरभराटीतील अग्रणी जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. गिरण्या वाढल्या, तशी रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे पोटासाठी मुंबईत आली. त्यांच्या वाट्याला चाळीतील एक खोली आली.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवला. गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढे १८९८ साली शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, हवा खेळू लागली. परंतु घरे पाडली गेलेली गरीब कुटुंबे शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली.

१९२१ साली शहरातील सुमारे दोन तृतीयांश लोक एकेका खोलीत राहत होते. त्या वर्षीच्या नोंदींनुसार एका खोलीच्या घरांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावली. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हे प्रमाण १३३ होते. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. त्यामुळे शहरात जन्मांची नोंद कमी होऊन पहिला आकडा फुगलेला असणार, हे मान्य केले तरी दोहोंतील दरी लपत नाही. कामावर जाताना बाळाला शांत झोप लागावी म्हणून गिरणी कामगार माता त्याला अफू देत, असे १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत आढळले. तो मायेचा अभाव नव्हता. सुट्टी घेतली तर मजुरी बुडत होती.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न कायद्याने केला. प्रसूतीकाळात स्त्री कामगारांना रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

समृद्धीने मनोरे उभे राहिले; पण आरोग्य तिच्या पाठोपाठ आपोआप चाळीत शिरले नाही. ते तेथे पोहोचवावे लागले. औषधदान आणि अभयदान यांचा सामाजिक अर्थ याहून वेगळा नाही.