नापासाचा दाखला

नाना पेठेत आमचं गॅरेज होतं. तिथे 'पासिंगला' जायच्या त्या टॅक्स्या, टेम्पो आणि रिक्षा. पासिंगच्या आदल्या रात्री आमचे अण्णा टेम्पोच्या पत्र्याला लांबी भरून रंग मारून द्यायचे. सकाळी आरटीओसमोर तो नवरदेवासारखा उभा. घरच्या फियाटला मात्र वर्षावर्षाला परीक्षा नव्हती. 1994 मध्ये इंग्लंडात आलो आणि पहिल्याच महिन्यात शेजाऱ्याची चांगली चालती गाडी नापास झाली. कारण काय, तर वायपरचं रबर फाटलेलं! मला हसू आलं होतं. पुढे पंचवीस वर्षांनी जुनी एमजीबी गाडी शोधायला निघालो, तेव्हा असेच नापासाचे कागद मी भिंग घेऊन वाचत बसलो.

या परीक्षेला इथे एमओटी म्हणतात. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची ही आद्याक्षरं. ते मंत्रालय 1970 मध्ये दुसऱ्या खात्यात विरघळून गेलं, पण नाव परीक्षेला चिकटून राहिलं. 1956 च्या कायद्यात तिची तरतूद झाली आणि 1960 च्या सप्टेंबरात, अर्नेस्ट मार्पल्स मंत्री असताना, ती सुरू झाली. ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग, एवढंच तपासायचं, आणि तेही दहा वर्षांवरच्या गाड्यांचं. तरी इतक्या गाड्या नापास झाल्या की 1961 संपायच्या आत वयाची अट सात वर्षांवर आली, आणि 1967 मध्ये तीनवर. टायर 1968 मध्ये आले. गाडीचा सांगाडा गंजलाय का, हे बघायला 1977 उजाडावं लागलं. म्हणजे 1962 पासून ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एमजीबी 1977 पर्यंत, खालून चाळणी झालेल्या असल्या तरी, ब्रेक-दिव्यांच्या जोरावर पास होत राहिल्या.

एमजीबीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. दाराखालून जाणारे सिल सगळा भार पेलतात. ते पत्र्याच्या तीन थरांचे, आत पाणी साचतं, गंज आतून बाहेर येतो. नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या-मागच्या मडगार्डांचा खालचा भाग कापावा लागतो. तेवढं कोण करतो? गंजक्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड करायचा, वर डांबरासारखा काळा थर फासायचा. परीक्षकाला काही उघडायची मुभा नसते. गालिचा उचलायचा नाही, जोरात खरवडायचं नाही. जे दिसतं ते बघायचं आणि छोट्या हातोडीने टकटक करायचं. बाजारात आपण माठ वाजवून घेतो ना, तसंच.

2019 मध्ये मी दोन गाड्या पाहिल्या, दोन्ही 1972 च्या. 2005 पासूनच्या परीक्षांची नोंद सरकारी संगणकात आहे. गाडीचा नंबर टाकला की फुकटात सगळं समोर येतं: पास, नापास, शेरे, किती मैल चालली. आदल्या रात्री जेवण आटोपून मी दोघींच्या पत्रिका मांडून बसलो.

लाल गाडी सलग बारा वर्षं पास. एकही शेरा नाही. चाळिशी उलटलेल्या एमजीबीला एकही शेरा नाही, म्हणजे तिच्याकडे कुणी नीट बघितलंच नसावं, असं माझं मत. 2009 ते 2017 या आठ वर्षांत ती 212 मैल चालली होती. आणि 2017 नंतर काहीच नाही. ते मात्र कायदेशीर होतं: 2018 च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना परीक्षेतून सूट आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन त्यावर खूश झाले. माझ्या मते ती सूट विकणाऱ्याच्या पथ्यावर पडली.

हिरवी गाडी चार वेळा नापास झाली होती. 2008 मध्ये ब्रेकचा पाइप. 2011 मध्ये मोठं दुखणं: सीटबेल्टच्या बोल्टपासून 30 सेंटिमीटरच्या आत दोन्ही बाजूंचे सिल गंजलेले. पुन्हा पास व्हायला सात आठवडे लागले. नुसतं ठिगळ मारायला दोन दिवस पुरतात. सात आठवडे लागले म्हणजे कुणीतरी खरोखर कापाकापी केली असणार.

लाल गाडीच्या मालकाने चहा दिला, अभिमानाने म्हणाला, "एकदाही नापास नाही." मी खिशातला चुंबक, रुमालात गुंडाळून, सिलवर फिरवला. मागच्या चाकाजवळ तो धरेचना, सुळकन खाली आला. आत लांबी. अण्णांची आठवण झाली. मग गाडी जॅकवर घेऊ का, असं विचारलं. जॅक चढला तसं दार अडकलं, उघडेना. कणा मोडलेल्या एमजीबीची ही खूण. चहा संपवून निघालो.

हिरवीच्या मालकिणीने बुटांचं खोकं पुढे केलं. त्यात 1983 पासूनचे हाताने लिहिलेले दाखले. इथे एक गोष्ट कळली, जी संगणकात नव्हती. या गाडीचं मैलांचं मीटर पाच आकडी, 99,999 नंतर पुन्हा शून्य. 1986 च्या कागदावर 88,412, 1989 च्या कागदावर 1,907. म्हणजे मीटरवरच्या 61 हजारांच्या आधी एक लाख धरायचा. बाईंना ते माहीतच नव्हतं. मी सांगितलं. किंमत थोडी उतरली. खोटं कशाला बोलू, त्याचा आनंद झाला.

सिलच्या वेल्डिंगचं बिलही त्याच खोक्यात सापडलं, 2011 चं, फोटोंसह. फोटोंत मडगार्डांचे खालचे भाग कापलेले स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या दिवशी बाईंच्या परवानगीने गाडी एका ओळखीच्या परीक्षकाकडे नेली. सूट असली तरी स्वखुशीने परीक्षा देता येते. एक ब्रेक ओढत होता, एवढाच शेरा मिळाला. त्याच संध्याकाळी व्यवहार केला.

तेव्हापासून दर एप्रिलमध्ये तिला परीक्षेला नेतो. कमाल फी 54 पाउंड 85 पेन्स. गेल्या वर्षी नापास झाली, उजवा ब्रेक लाइट लागत नव्हता. बल्ब बदलला, आणि नापासाचा तो कागद बुटांच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवला आहे.