नेवाशाचा ‘न’, नगरचा ‘नको’

नगरच्या नागापूर एमआयडीसीत पाळी सुटली की चहाच्या टपरीवर ‘साखर नको’, ‘सुटे नाहीत’, ‘तो नव्हे, त्याचा भाऊ’ असे तीन नकार एकापाठोपाठ कानावर पडतात. हिंदीत तिन्ही ठिकाणी ‘नहीं’वर भागतं. मराठीनं मात्र न हवं असणं, नसणं आणि वेगळं असणं यांचे शब्दच वेगळे ठेवले. ही ठेवण जुनी आहे आणि तिचा भरघोस पुरावा याच जिल्ह्यात आहे.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली; सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या मराठीत ‘न’ क्रियापदाच्या पोटातच शिरतो. न देई ते नेदी, न घे ते नेघे, न उरे ते नुरे, न उपजे ते नुपजे. ‘न जाणे’चं झालं नेणे; मधला ‘जा’ पार विरघळला. होकार आणि नकार अशी क्रियापदांची जोडीच तयार झाली होती. आज ‘नेणे’ म्हटलं की सामान उचलून नेणंच आठवतं. जुना अर्थ ‘जाणता-नेणता’सारख्या जोड्यांत उरला. एवढी लवचीक सोय हातची गेली, याची हळहळ वाटते.

जे टिकलं ते मात्र रोजच्या वापरातलं: नाही, नव्हे, नसणे, नये, नको.

यातलं ‘नये’ विलक्षण आहे. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी कोणालाही तू किंवा तुम्ही म्हणत नाही, तरी मनाई सगळ्यांना लागू होते. ‘नको’चं काम त्याहून मोठं. ‘चहा नको’ यात अनिच्छा आहे, ‘जाऊ नको’ यात मनाई. आदरानं सांगायचं तर ‘जाऊ नका’. कानडीतलं ‘बेड’ आणि तेलुगूतलं ‘वद्दु’ हीच दोन्ही कामं करतात. शेजारच्या भाषांशी मराठीचं हे साम्य अभ्यासण्यासारखं आहे.

हा ‘नको’ मराठीपुरता राहिला नाही. 1490 ते 1636 या काळातली निजामशाही नगरच्या नावानं ओळखली जाते. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही या राज्यांत दखनी बोली वाढली ती मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्यांच्या सहवासात. फारसी-हिंदवी शब्दांच्या त्या बोलीनं नकारासाठी मराठी शब्द उचलला. हैदराबादेत ताटात आणखी वाढू लागलं, की पाहुणा आजही ‘नक्को’ म्हणतो.